पहिली निवड लक्ष्मीकांत

यूनुस परकारकडे माझं नीट लक्ष गेलं ते १९९०च्या जानेवारीत, एका बुधवारी संध्याकाळी. तोवर तो इस्त्रीचे कपडे घेऊन वर्षभर आमच्या दारात येतच होता, पण कपडे घ्यायचे आणि दार लावायचं, एवढाच आमचा संबंध. त्या दिवशी गठ्ठा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "बाई, उद्या साहेबांची सकाळची ड्युटी लागली वाटतं. डबा लवकर करावा लागेल तुमाला."

माझे यजमान विजयकुमार आखातात, फरवानियातल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन होते. त्यांची ड्युटी बदलल्याचं मला माहीत नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोटानं," तो म्हणाला. "साहेबांची दुपारची असली की ते कोट त्याच दिवशी सकाळी नेतात. सकाळची असली की आदल्या दिवशी पाठवून देतात. आज पाठवला."

नऊ वाजता विजयकुमार घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "अगं, उद्यापासून सकाळची आहे." मी डब्याची तयारी करून ठेवली होती. "तुला कसं कळलं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी इस्त्रीवाल्याचं नाव सांगितलं. ते हसले आणि मग म्हणाले, "यूनुस? अगं, तो आमच्या टीमचा मॅनेजर आहे."

यूनुस तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. मूळ हर्णैचा. बायको असमा आणि लहान मुलगी युसरा गावी, आणि तो इथे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या लाँड्रीत. अंगानं किरकोळ, डावा खांदा उजव्याहून थोडा वर. बोलताना तो माणसाकडे कमी आणि माणसाच्या कॉलरकडे जास्त बघायचा. त्याच्या दुकानात आजूबाजूच्या पाच इमारतींतले कपडे यायचे: इस्पितळातल्या लोकांचे कोट, बेकरीवाल्यांचे अप्रन, हॉटेलातल्या वेटरांचे शर्ट, पहारेकऱ्यांचे गणवेश. फुटबॉलच्या चेंडूला त्यानं आयुष्यात लाथ मारली नव्हती. तरी किनारा नावाचा संघ तोच चालवत होता, कारण संघाची जर्सी धुवायला आणि जपायला सुरुवातीपासून तोच होता, आणि हळूहळू जर्सी ज्याच्याकडे त्याच्याकडे संघ, असं होऊन गेलं होतं.

आपल्या लोकांची ती शुक्रवार लीग होती. रत्नागिरी-रायगडकडचे, मुंबई-पुण्याकडचे, मराठवाड्यातले, सगळे त्यात होते. सामना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सात वाजता, वाळूच्या मैदानावर. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक संघानं आपले जुने सहा खेळाडू ठेवायचे आणि बाकीच्यांची नावं फळ्यावर लिहायची. मग एकेका संघानं आळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. गेल्या वर्षी जो शेवटचा आला असेल, त्याला पहिलं नाव उचलायचा मान. याला सगळे सिलेक्शन म्हणायचे, आणि सामन्यांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त.

त्या वर्षी पहिला मान किनाऱ्याचा होता. अर्थ उघड आहे. आणि लीगच्या मंडळाचा आणखी एक नियम होता: लागोपाठ दोन वर्षं शेवटचा येईल तो संघ मोडायचा. नाव पुसायचं, खेळाडू फळ्यावर टाकायचे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी आमच्या इमारतीच्या तळघरात सिलेक्शन झालं. माझं अक्षर बरं आणि मी कुठल्याच संघाची नाही, म्हणून फळा माझ्याकडे दिला. मी शिकवत होते त्या शाळेतून दोन खडू आणले होते. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं उभी होती.

फळ्यावर सगळ्यांचे डोळे एकाच नावावर होते. अशरफ मुकादम, वय तेवीस, मुरूडहून आलेला, इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन म्हणून दोन महिन्यांपूर्वी लागलेला. मुंबईत कॉलेजच्या संघातून खेळलेला. त्याला मैदानावर सराव करताना ज्यांनी पाहिलं होतं, ते इतरांना हात हलवून हलवून त्याचं वर्णन सांगत होते.

मंडळाच्या सेक्रेटरीनं म्हटलं, "किनारा, पहिलं नाव."

मागून मुस्तफा ओरडला, "अशरफ." हा मुस्तफा लाँड्रीशेजारच्या सलूनचा न्हावी, श्रीवर्धनचा, किनाऱ्याचा सगळ्यांत मोठा पाठीराखा आणि सगळ्यांत मोठा टीकाकार.

यूनुसनं माझ्या पदराच्या काठाकडे बघत सांगितलं, "लक्ष्मीकांत बिराजदार."

मी विचारलं, "कोण?" त्यानं तेच नाव पुन्हा सांगितलं. मी लिहिलं.

लक्ष्मीकांत बिराजदार तिथेच उभे होते. लातूरकडचे, एक्केचाळीस वर्षांचे, अशरफच्याच विभागात एक्स-रे काढणारे. ते गोलकीपर होते, आणि त्यांच्या आधीच्या संघानं त्यांना नुकतंच सोडलं होतं. ते हात वर करून म्हणाले, "अहो परकार, चुकून घेतलं का मला? तसं असंल तर आत्ताच सांगा. मला काय राग यायचा नाही."

"चुकून नाय," यूनुस म्हणाला.

मुस्तफा म्हणाला, "यूनुसभाई, ऊन लागलं काय तुम्हाला? फेब्रुवारीत?"

पुढच्याच पाळीला सलवा स्टार या संघानं अशरफचं नाव उचललं आणि तळघरात टाळ्या पडल्या. यूनुसनं नंतर जी पाच नावं घेतली, ती ऐकून तर टाळ्या वाजवणारेसुद्धा नावं पुन्हा विचारू लागले. बेकरीतले दोघे, रात्रपाळीचा एक पहारेकरी, एक वॉर्डबॉय आणि शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर.

पुढचा आठवडाभर मुस्तफाच्या सलूनमध्ये दुसरा विषय नव्हता. सलूनचं दार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, त्यामुळे पोळ्या करताना मला सगळं ऐकू यायचं.

"पहिल्या नावाला गोलकीपर कोण घेतो?" हा आमच्या यजमानांचा आवाज.

"गोलकीपर घ्यायला हरकत नाय, विजयसाहेब," मुस्तफा म्हणायचा. "मान सरळ ठेवा. पण निदान उडी मारणारा घ्यावा."

"बिराजदार उडी मारतात."

"मारतात ना. चेंडू आत गेला की मारतात."

"आणि तो बेकरीवाला? त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

"त्याला खारी ठाऊक आहे, नानकटाई ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, साहेब. त्याचाच एक्स-रे काढायला हवा, तर तो दुसऱ्यांचे काढतोय."

यूनुस शेजारच्या दुकानात हे सगळं ऐकत इस्त्री फिरवत असायचा. मुस्तफानं निषेध म्हणून आपले टॉवेल आठवडाभर दुसऱ्या लाँड्रीत दिले. ते नीट वाळवलेले येईनात, म्हणून मग परत आणले, पण यूनुसशी न बोलता काउंटरवर ठेवून गेला.

गुरुवारी यूनुस कपडे घेऊन वर आला, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "यूनुसभाई, अशरफ का नाही घेतला?"

"अशरफ चांगला खेळतो, बाई. पण नवीन माणसाला शुक्रवारची सकाळ मिळते. चारातले तीन शुक्रवार त्याचा कोट गुरुवारी संध्याकाळी अर्जंट येतो. कोट आला म्हणजे पोरगा ड्युटीवर." त्यानं गठ्ठा खाली ठेवला. "गेल्या वर्षी आमची टीम वाईट नव्हती. सहा सामन्यांत अकरा माणसं एकदाच जमली. एकदा सात जणांनी खेळलो. या वर्षी मी शुक्रवारी सकाळी ज्यांचा गणवेश खुंटीवर असतो तीच माणसं घेतली. बिराजदारांचा कोट तीन वर्षांत एकाही गुरुवारी आला नाय."

"मग हे मुस्तफाला सांगा ना."

"मुस्तफाला सांगितलं म्हणजे सलवा स्टारला सांगितलं."

मी वर्गात अनेक हुशार मुलं पाहिली आहेत, पण उत्तर माहीत असून आठवडाभर शिव्या खात गप्प बसणारं फार क्वचित.

पहिल्या सामन्याला पावणेसातला किनाऱ्याचे बाराच्या बारा मैदानावर होते. समोरच्या संघाचे साडेसातपर्यंत नऊ जमले. किनाऱ्यानं सामना दोन गोलांनी जिंकला. दुसरा बरोबरीत सुटला. सलवा स्टारविरुद्धच्या सामन्यात अशरफ आलाच नाही, तो एक्स-रे काढत होता, आणि तोही सामना किनाऱ्यानं जिंकला. सहा शुक्रवारांनंतर किनारा सहा संघांत दुसरा होता. मुस्तफानं टॉवेल देताना बोलायला सुरुवात केली. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," असं तो सलूनमध्ये म्हणू लागला, आणि काय म्हणत होतो ते कोणी विचारलं नाही.

मग चूक उघडी पडली.

गेल्या वर्षीपर्यंत लीगमध्ये चारच संघ होते आणि सहा शुक्रवारांत सगळं आटपायचं. या वर्षी दोन संघ वाढले आणि शुक्रवार झाले दहा. त्यात रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तो या वर्षी मार्चअखेरीस लागला. शेवटचे चार सामने रोज्यांत आले. पहाटे सहरीचं खायला उठलेल्या माणसांना सात वाजता पळवणं शक्य नाही, म्हणून मंडळानं वेळ बदलून दुपारी साडेचारची केली. यूनुसचा सगळा हिशेब सकाळचा होता.

आणि दुपारचं गणित तर अगदीच उलटं. रमजानात इस्पितळातले आपले हिंदू लोक रोजेदार सहकाऱ्यांच्या दुपारच्या ड्युट्या आपणहून घेतात, म्हणजे त्यांना इफ्तार घरी करता यावा. कोणी सांगावं लागत नाही, रीतच आहे ती. लक्ष्मीकांतरावांनी चारही शुक्रवारांची दुपार घेतली होती, आणि ती अशरफची होती. म्हणजे अशरफ मैदानावर मोकळा आणि लक्ष्मीकांतराव एक्स-रेच्या मशीनपाशी. बेकरीतल्या दोघांना तर रमजानात दुपारीच सगळ्यांत जास्त काम.

"पाच इमारतींचे कपडे मला पाठ," यूनुस मला म्हणाला, "आणि रमजान माझ्या ध्यानातच आला नाय. लहानपणापासून रोजे धरतो मी."

मुस्तफानं ते ऐकलं. "बिराजदारांना विचारायचं होतं," तो गल्लीभर सांगत फिरला. "त्यांना ठाऊक होता रमजान कधी ते."

किनारा पुढचे तीन सामने हरला. एकदा आठ माणसांनी, एकदा नऊ. आता एकच सामना उरला होता, सलवा स्टारशी. सलवा स्टार पहिले येणार हे ठरल्यातच जमा होतं. किनाऱ्याला एक गुण मिळाला, म्हणजे सामना बरोबरीत सुटला, तर तो पाचवा. हरला तर सहावा, आणि संघ मोडला. बेकरीवाल्यांनी मालकाकडून त्या दिवसापुरती सुट्टी मिळवली. प्रश्न गोलकीपरचा होता.

मुस्तफाचा सल्ला सरळ होता. "अशरफला सांगा, तुझी ड्युटी तू कर. बिराजदार सुटतात, अशरफ अडकतो. दोन्ही कामं झाली."

यूनुस म्हणाला, "त्यानं रोजा मशीनपाशी सोडायचा, का तर माझी टीम वाचावी. असं मी विचारणार नाय."

"मग टीम मेली समजा, तिचा फातिहा वाचून टाका."

बुधवारी यूनुस आमच्याकडे आला. एक्स-रे विभागाच्या ड्युट्या लावणाऱ्या प्रभाताई माझ्या मैत्रीण होत्या, पुण्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. "बाई, तुमी सोबत चला," तो म्हणाला. "मी मोठ्या माणसांपुढं बोलायला लागलो की माझी जीभ घड्या घालून बसते."

आम्ही इस्पितळात गेलो तेव्हा लक्ष्मीकांतराव आणि अशरफ दोघेही तिथे होते. यूनुसनं टेबलावर हात ठेवला, आणि इस्त्री करताना कापडाची घडी घालावी तसा तिथला एक कोरा कागद मधोमध दुमडला.

"सामन्याचे दोन भाग," तो म्हणाला. "पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. पहिल्या भागात अशरफ खेळेल, बिराजदार ड्युटीवर. मग विजयसाहेबांच्या गाडीतून अशरफ इथं येईल आणि बिराजदार तिथं जातील. मैदान सहा मिनिटांवर आहे. सामना संपला की बिराजदार परत. सूर्य मावळायच्या, मगरिबच्या आत अशरफ मोकळा."

प्रभाताईंनी चष्मा काढला. "माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत ड्युटी हाफटाइमला बदललेली नाही."

"होय, ताई."

"मशीनपाशी सतत एक माणूस हवा. एक येईपर्यंत दुसरा हलणार नाही. आणि दोघांच्या सह्या लागतील, वेळेसकट."

लक्ष्मीकांतराव म्हणाले, "मी तयार आहे. पण ह्या पोराला विचारा. त्याचा अर्धा सामना जातोय."

अशरफनं तो दुमडलेला कागद उलगडला. त्यानं यूनुसला विचारलं, "आणि मी पहिल्या भागातच तीन मारले तर?"

"मार की," यूनुस म्हणाला. "मारायलाच तर खेळतोस."

त्यावर अशरफ हसला आणि म्हणाला, "चालेल, चाचा."

शुक्रवारी दुपारी मी पहिल्यांदा सामना बघायला मैदानावर गेले. दोनशे तरी माणसं असतील, आणि सगळ्यांना ठरलेलं माहीत होतं. किनाऱ्याच्या गोलमध्ये पहिल्या भागात बेकरीवाला उभा होता, हात पुढे करून, भट्टीतून ट्रे घ्यायला उभा राहावं तसा. अशरफनं दोन गोल मारले. दुसरा इतका देखणा होता की मुस्तफानं टाळी वाजवली आणि मग हात खिशात घातले.

शिट्टी झाल्याबरोबर अशरफ आमच्या गाडीकडे धावला. मंडळानं मध्यंतर वीस मिनिटांचं केलं होतं. एकोणिसाव्या मिनिटाला गाडी परत आली. लक्ष्मीकांतराव पांढऱ्या पँटवरच उतरले. छातीवरचा किरणं मोजणारा बिल्ला काढायचा राहून गेला होता, तो त्यांनी माझ्याकडे दिला. "बाई, सांभाळा. हरवला तर प्रभाताई मलाच हरवतील."

दुसऱ्या भागात अशरफशिवाय सलवा स्टारला पुढं चेंडू कोणाला द्यावा ते कळेना. पहारेकऱ्यानं डोक्यानं एक गोल केला. शेवटची दहा मिनिटं उरली असताना बसच्या ड्रायव्हरनं गर्दीतून चेंडू आत ढकलला, आणि दोन-दोन झाले. यूनुस इतका वेळ सामन्याकडे पाठ करून उभा होता. तो पाठीराख्यांच्या चेहऱ्यांवरून सामना बघत होता.

शेवटच्या मिनिटाला सलवा स्टारचा एक जण एकटाच गोलसमोर आला. लक्ष्मीकांतरावांनी उडी मारली नाही. ते जागेवरच उभे राहिले आणि चेंडू त्यांच्या पोटावर आदळून बाहेर गेला.

"का नाही मारली उडी?" मुस्तफानं नंतर विचारलं.

"दुपारपासून बारा मणके आणि चार गुडघे काढलेत मी," लक्ष्मीकांतराव पोट चोळत म्हणाले. "उडी मारायला अंगात काय उरलंच नव्हतं."

सामना बरोबरीत सुटला. किनारा पाचवा आला.

पण मैदानावर जल्लोष चालला असताना यूनुस तिथे नव्हता. आमच्या गाडीत तो लक्ष्मीकांतरावांच्या शेजारी बसला होता, मांडीवर डबा घेऊन. रस्त्यात इफ्तारच्या वेळची गर्दी लागली, आणि आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा अजानला तीनच मिनिटं उरली होती. अशरफला घर गाठणं शक्य नव्हतं. यूनुसला हे आधीच दिसलं होतं, म्हणून तर डबा आणला होता. त्यात खजूर, समोसे आणि कापलेलं कलिंगड होतं. मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र पसरून त्यानं ते मांडलं.

"काय झालं?" अशरफनं विचारलं.

"दोन-दोन."

"मी असतो तर चार-दोन झाले असते."

"झाले असते," यूनुस म्हणाला. "खजूर घे."

लक्ष्मीकांतरावांनी आत जाऊन सही केली, वेळेसकट, आणि बाहेर येऊन एक समोसा उचलला.

त्यानंतर साडेतीन महिन्यांत सगळंच उलटंपालटं झालं. ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या आणि आमच्यासारख्या लाखो लोकांनी बसनं बगदाद आणि मग अम्मान गाठलं, तिथून विमानानं मुंबई. यूनुस आमच्याच बसमध्ये होता. त्यानं कपड्यांची एकच पिशवी आणली होती आणि त्यात अर्ध्यावर किनाऱ्याच्या जर्सी होत्या. अम्मानबाहेरच्या तंबूत बदलायला कपडे नसलेल्या अकरा माणसांनी त्या चार दिवस घातल्या. त्यांतले तिघे सलवा स्टारचे होते आणि मुस्तफा त्यांना त्यावरून छळत होता.

एक्याण्णवच्या शेवटी आम्ही परतलो. अशरफ परतला, यूनुस परतला. मुस्तफा श्रीवर्धनला सलून टाकून तिथेच राहिला. लक्ष्मीकांतराव लातूरला गेले ते गेलेच. लीग पुन्हा सुरू करायला दोनच संघांपुरती माणसं जमली, आणि कोणती नावं ठेवायची हा प्रश्न निघाला. मंडळाच्या जुन्या कागदावर किनाऱ्याचं नाव पुसलेलं नव्हतं. ते ठेवलं गेलं. यूनुसनं पुढची बारा वर्षं संघ चालवला, आणि दर वर्षी सिलेक्शनच्या आधी तो माझ्याकडे येऊन त्या वर्षीचा रमजान कधी लागतो ते कॅलेंडरवर बघून जायचा.

आता यूनुस हर्णैला असतो. युसरा दापोलीच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांतला मोतिबिंदू काढला, आणि तो रोज सकाळी असमाबरोबर बंदरावर मासळी आणायला चालत जातो.